‘नोंद बदला’ म्हणजे नक्की काय बदला? एआय एजंटसाठी अपडेट टूलची माहिती कशी लिहायची

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय एका वाक्यात सांगतो. एआय एजंटच्या हातात नोंदी बदलणारं टूल द्यायचं असेल, तर त्या टूलची माहिती कशी लिहायची? याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आपण ते सबमिशनच्या आदल्या रात्री लिहितो आणि सर ते उघडूनही बघत नाहीत. पण एजंट ते वाचतो, आणि वाचून लगेच कामाला लागतो. त्यामुळे त्या चार ओळींना आता फार वजन आलंय.

उदाहरण घेणार आहे गोंदिया जिल्ह्याचं, धानाच्या नोंदीचं. मोबाइलवर ऐकत असाल, कोडिंग येत नसेल, तरी हरकत नाही. सातबारा काय असतो हे घरात कुणाला तरी माहीत असलं, की आजचा भाग कळेल.

आधी तीन शब्द

पहिला शब्द, एपीआय. एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याकडं काम मागायची ठरलेली पद्धत. ऑफिसची खिडकी समजा. कुठला अर्ज, कुठल्या रकान्यात काय, हे ठरलेलं असतं. तसा अर्ज दिला तर काम होतं, नाहीतर परत.

दुसरा, एजंट. चॅटबॉट उत्तर देतो, एजंट काम करतो. त्याला सांगितलं की ‘हे करून दे’, तर कुठल्या खिडकीवर जायचं, काय भरायचं, हे तो स्वतः ठरवतो.

तिसरा, टूल. एपीआयच्या एखाद्या कामाला नाव आणि वर्णन देऊन ते एजंटच्या हाती द्यायचं, की झालं टूल. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीनं एमसीपी नावाचं खुलं मानक जाहीर केलं. त्यात प्रत्येक टूलचं नाव असतं, साध्या भाषेतलं वर्णन असतं आणि कुठली माहिती कुठल्या प्रकारात द्यायची याचा साचा असतो. एजंट टूलच्या आतलं कोड बघत नाही. तो नाव, वर्णन आणि साचा वाचतो आणि त्यावरून ठरवतो.

आता टूल दोन जातीची. एक माहिती वाचणारी, एक माहिती बदलणारी. वाचताना चूक झाली तर पुन्हा विचारता येतं. बदलताना चूक झाली तर ती वहीत बसते, आणि पुढचा माणूस तिलाच खरं धरून चालतो. म्हणून आज फक्त बदलणाऱ्या टूलबद्दल बोलू.

एका आकड्यावर काय काय टांगलेलं असतं

गोंदिया हा धानाचा जिल्हा. खरिपात धान, आणि जिथं तलावाचं, कालव्याचं किंवा बोअरचं पाणी आहे तिथं उन्हाळ्यातही धान. हा माल आधारभूत खरेदी केंद्रावर विकला जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला होता. तो भाव मिळवायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते, आणि नोंदणीला सातबारा लागतो, ज्यावर पीकपेरा आलेला असतो. तो पीकपेरा आता शेतकरी स्वतःच मोबाइलवरून भरतो. ई-पीक पाहणी, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली.

शिवाय बोनस. २०२४-२५ च्या खरिपासाठी राज्य सरकारनं नोंदणी केलेल्या धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत, असं प्रोत्साहन जाहीर केलं होतं. म्हणजे पैसा क्षेत्राच्या आकड्यावर. एक हेक्टर धान असलेल्या माणसाच्या नावापुढं चुकून ०.४० हेक्टर पडलं, तर २०,००० चे ८,००० होतात. बारा हजाराचा फटका, आणि कारण काय, तर एक रकाना.

आता एक कल्पना करू. ही गोष्ट काल्पनिक आहे बरं का. समजा, जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीनं आपल्या काही शे सभासदांची वही कॉम्प्युटरवर ठेवलीय. सरकारी पोर्टल नाही, त्यांची स्वतःची वही. गाव, गट नंबर, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, धानाखालचं क्षेत्र, हंगाम, बँक खातं, किती कट्टे आणले, आणि शेरा. या वहीवरूनच नोंदणीची यादी तयार होते. सभासद व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकतो, एजंट तो वाचतो आणि वहीत बदल करतो. गावातल्याच एखाद्या पोरानं हे सगळं जमवलंय. टूलही बनवलं, आणि वर्णन लिहिलं:

*नोंद_अपडेट: शेतकऱ्याची नोंद अपडेट करते.*

झालं. वाक्य खरं आहे, पण त्याचा उपयोग शून्य.

एक मेसेज, पाच खड्डे

मेसेज येतो: “दादा, आमच्या अर्जुनीच्या वावरात यंदा एक एकरच धान आहे, तेवढं बदलून द्या.”

आपल्याला वाटतं किती सोपं आहे. बघा आता.

पहिला खड्डा, अर्जुनी. जिल्ह्यात आठ तालुके: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. यातली कुठली अर्जुनी? गोरेगावची गंमत तर विचारूच नका. इंटरनेटवर शिकलेल्या मॉडेलला गोरेगाव म्हटलं की मुंबईची लोकल आठवते.

दुसरा खड्डा, एकर. आपण बोलतो एकरात, सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. एक एकर म्हणजे साधारण ४० आर, म्हणजे ०.४० हेक्टर. एजंटनं नुसतं १ टाकलं तर रकाना तो एक हेक्टर समजणार. धान अडीचपट झालं! उद्या पडताळणीत सातबारा पुढं आला की नोंदणी अडकणार. आणि कुणी ०.४ असं लिहिलं, तर ते ४० आर वाचायचं की ४ आर? गणितानं ४० आर, पण पाहणाऱ्याची नजर चुकते.

तिसरा खड्डा, ‘यंदा’. एप्रिलमध्ये मेसेज आला तर तो उन्हाळी धानाबद्दल आहे की येणाऱ्या खरिपाबद्दल? खरेदीच्या कागदावर उन्हाळी धानाला रब्बी हंगामात धरतात. माणूस ‘उन्हाळी’ म्हणतो, रकान्यात ‘रब्बी’ असतं.

चौथा खड्डा, ‘एक एकरच’. बदलायचं काय? सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र तेवढंच राहणार. फक्त धानाखालचं क्षेत्र कमी झालंय. वहीत दोन्ही रकाने आहेत, आणि एकाचं नाव आहे नुसतं ‘क्षेत्र’. एजंट त्यातच लिहिणार, दुसरं काय करणार बिचारा.

पाचवा खड्डा दिसत नाही, म्हणून सगळ्यात वाईट. एपीआयमध्ये बदल करायच्या दोन पद्धती असतात. ‘पुट’ म्हणजे जुनी नोंद काढून त्या जागी नवी पूर्ण नोंद ठेवणं. ‘पॅच’ म्हणजे सांगितलेला तेवढाच रकाना बदलणं. आतून टूल ‘पुट’ वापरत असेल आणि एजंटनं फक्त क्षेत्र पाठवलं, तर बँक खात्याचा रकाना कोरा! कुणी पुसला? कुणीच नाही. न पाठवलेला रकाना पुसला जातो हे कुणी लिहिलंच नव्हतं.

कार्यालयात दहा वर्षं बसलेल्या ताईंना हे सगळं माहीत असतं. मेसेज कुणाचा, अर्जुनी कुठली, त्यांचं वावर किती, हे त्यांना न विचारता कळतं. एजंट मात्र रोज सकाळी नव्यानं रुजू झालेला कारकून आहे. हुशार आहे, वेगानं काम करतो, पण कालचं त्याला आठवत नाही आणि गाव त्यानं बघितलेलं नाही. त्याच्या टेबलावर कागद असतो तो एकच, आपण लिहिलेलं वर्णन. ताईंच्या डोक्यातलं त्या कागदावर उतरवणं, एवढंच आज मला सांगायचंय.

नोंद बदलायची जुनी शिस्त: फेरफार

आणि हे काम आपल्याला नवीन नाही. नोंद कशी बदलावी याची लिखित शिस्त आपल्या गावात कधीपासून आहे. फेरफार!

जमीन विकली, वारस लागला, तर कुणी थेट सातबाऱ्यावर नाव बदलत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या पद्धतीनं तलाठी, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकारी, आधी गाव नमुना ६ मध्ये, फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. मग संबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली तर ते प्रकरण वेगळ्या वहीत चालतं. नाही आली तर मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करतो, आणि तेव्हा सातबारा बदलतो. हातानं लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर आधीचं नाव खरडून काढत नसत, कंसात टाकत, आणि शेजारी फेरफाराचा नंबर. कोण गेलं, कोण आलं, कशामुळं, सगळं दिसतं.

ई-पीक पाहणीतही हीच शिस्त छोट्या रूपात आहे. २०२२ च्या सुधारित अ‍ॅपमध्ये शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करायची सोय दिली. चूक होणारच, हे गृहीत धरलं आणि ती सुधारायची मुदत ठरवून दिली.

यातून आपल्या टूलसाठी चार प्रश्न मिळतात. नक्की काय बदलणार आणि कशाला हात लागणार नाही? बदल कुणाच्या होकारानं पक्का होणार? जुनं काय होतं ते कुठं दिसणार? चुकलं तर मागं कसं यायचं? वर्णनात या चौघांची उत्तरं नसतील, तर ते वर्णन अपुरं आहे. मग इंग्रजी कितीही छान असो.

आता लिहायला बसू

नावापासून सुरुवात करू. ‘नोंद_अपडेट’ हे नाव फार मोकळं आहे. त्यात सगळंच येतं. त्याऐवजी ‘धान_क्षेत्र_बदला’. एक टूल, एक काम. बँक खातं बदलायचं टूल वेगळं ठेवा, आणि ते शक्यतो एजंटला देऊच नका.

मग वर्णन. मी असं लिहीन:

*धान_क्षेत्र_बदला*

*काय करतं: एका सभासदाच्या एका गटातलं, एका हंगामाचं, धानाखालचं क्षेत्र बदलतं. बाकी कुठल्याही रकान्याला हात लावत नाही.*

*कधी वापरायचं: सभासदानं स्वतः धानाचं क्षेत्र बदलायला सांगितलं तेव्हाच.*

*कधी वापरायचं नाही: सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र, मालकाचं नाव किंवा बँक खातं बदलायचं असेल तेव्हा. ते काम कार्यालयात कागद दाखवून होतं. सभासदाला तसं सांगा.*

*सभासद_क्रमांक: आधी ‘सभासद_शोधा’ वापरून मिळवा. नावावरून अंदाज करू नका.*

*गाव_कोड: गावाच्या नावाऐवजी कोड द्या. सभासद नुसतं ‘अर्जुनी’ म्हणाला तर सडक अर्जुनी की अर्जुनी मोरगाव हे त्याला विचारा.*

*गट_क्रमांक: अक्षरांसारखा लिहा, उदा. ‘११२/२’. तिरकी रेघ काढू नका.*

*धान_क्षेत्र_आर: पूर्ण आकडा, आरमध्ये. १ हेक्टर = १०० आर. १ एकर = ४० आर धरा. सभासद एकरात बोलला तर आरमध्ये करून त्याला दोन्ही आकडे दाखवा.*

*हंगाम: ‘खरीप’ किंवा ‘रब्बी’, सोबत वर्ष. ‘उन्हाळी धान’ म्हणजे रब्बी. हंगाम स्पष्ट नसेल तर विचारा.*

*आधीचं_क्षेत्र_आर: वहीत आत्ता दिसणारा आकडा. तो जुळला नाही तर बदल होणार नाही.*

*बदलण्याआधी: जुना आकडा, नवा आकडा, गट आणि हंगाम सभासदाला दाखवा, आणि ‘हो’ आल्यावरच बदला.*

*परत काय येतं: जुनं क्षेत्र, नवं क्षेत्र, बदल क्रमांक. हा क्रमांक सभासदाला द्या. ४८ तासांत ‘बदल_मागे_घ्या’ हे टूल या क्रमांकानं चालतं.*

लांब वाटलं? वाचायला एक मिनिट लागतं. आणि पाचही खड्डे बुजले.

यातल्या तीन गोष्टींवर जरा थांबू.

एक, एकक. मी रकान्याच्या नावातच ‘आर’ घातलं आणि दशांश काढून टाकला. ०.४ की ०.४० हा वादच संपला, आता ४० लिहायचं. नियम सांगण्यापेक्षा चुकायला जागाच न ठेवणं बरं. माहिती लिहिताना कळतं की टूलच नीट नाही, तेव्हा टूल बदला. जे समजावून सांगायला पाच ओळी लागतात, त्याचा साचाच बहुतेक वेळा चुकलेला असतो.

दोन, ‘आधीचं क्षेत्र’. हे कशाला? समजा सकाळी कार्यालयातल्या ताईंनी तोच आकडा हातानं दुरुस्त केला आणि दुपारी एजंट जुना मेसेज घेऊन आला. त्यानं सांगितलेला जुना आकडा वहीतल्याशी जुळत नाही, म्हणून टूल थांबतं. वेबच्या नियमांतही हीच सोय आहे. नोंदीला एक खूण दिलेली असते, ‘खूण तीच असेल तरच बदल’ अशी अट पाठवता येते, आणि खूण जुळली नाही तर ४१२ नंबरची एरर येते.

तीन, पुन्हा पाठवणं. देवरी-सालेकसाकडच्या जंगलपट्ट्यात कुठल्याही वळणावर नेटवर्क जातं. एजंटनं बदल पाठवला, तो वहीत झालाही, पण ‘झालं’ हे उत्तर वाटेतच हरवलं. एजंट काय करणार? पुन्हा पाठवणार. ‘धान क्षेत्र ४० आर करा’ हे दोनदा गेलं तरी क्षेत्र ४० आरच राहतं. पण ‘५ कट्टे वाढवा’ हे दोनदा गेलं तर १० कट्टे जमा! ४० किलोचा कट्टा धरला तर दोन क्विंटल धान हवेतून आलं, २,३६९ च्या भावानं ४,७३८ रुपयांचं. संध्याकाळी हिशोब जुळेना, आणि संशय काट्यावरच्या माणसावर.

पुन्हा पाठवलं तरी परिणाम तोच राहतो, अशा टूलला इंग्रजीत आयडेम्पोटंट म्हणतात. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा. आपलं टूल तसं आहे की नाही हे वर्णनात लिहायलाच हवं. नसेल, तर प्रत्येक कामाला पावती क्रमांक द्या, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर म्हणेल, ‘हे झालंय’.

एमसीपीमध्ये मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलला अशा खुणाही लावता येतात. हे फक्त वाचतं का, काही पुसू शकतं का, पुन्हा चालवलं तरी चालेल का. खूण लावली नाही तर मानक सावध बाजू धरतं. टूल बदल करू शकतं, पुसू शकतं, पुन्हा चालवणं सुरक्षित नाही, असं समजतं. म्हणून खुणा लावायला विसरू नका, आणि खोट्या लावू नका.

लोकांचे शब्द आणि रकान्यांचे शब्द

आणखी एक काम कुणीच करत नाही. आपल्या भागातल्या शब्दांची यादी वर्णनाला जोडणं.

आपण धान म्हणतो, कोकणात त्याच पिकाला भात म्हणतात. सभासद ‘बांधी’ म्हणेल, ‘वावर’ म्हणेल, रकान्यात ‘गट’ आहे. रोवणी, पऱ्हे, बोडी, कट्टा... हे शब्द कळले तर एजंट नीट वागेल, नाहीतर अंदाज करेल. दहा-पंधरा शब्दांची यादी पुरते. ‘बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, ते क्षेत्र धानात धरू नका’, अशी एक ओळ मोठी चूक वाचवते. आणि मेसेजमध्ये कुणी मराठी आकडे लिहितं, कुणी इंग्रजी. ११२ दोन्ही प्रकारे आलं तरी चालतं की नाही, तेही लिहा.

ही यादी पुण्या-बंगळूरुच्या कंपनीतला इंजिनिअर लिहू शकणार नाही. ती तुम्हीच लिहू शकता. सालेकसात वाढलेल्या मुलीला जे सहज माहीत आहे, ते इथं तांत्रिक कौशल्य आहे.

एपीआयच बदलला तर?

आता समजा वर्ष झालं. आपण ‘क्षेत्र’ या रकान्याचं नाव बदलून ‘धान_क्षेत्र_आर’ केलं. वर्णन मात्र जुनंच राहिलं. एजंट जुन्या नावानं माहिती पाठवतो. सर्व्हरला हा रकाना ओळखता येत नाही, तो दुर्लक्ष करतो, आणि उत्तर देतो ‘यशस्वी’! एजंट सभासदाला सांगतो, ‘काम झालं’. वहीत काहीच बदललेलं नसतं. कुणालाच कळत नाही, आणि कळतं तेव्हा नोंदणीची मुदत गेलेली असते.

म्हणून नियम: अनोळखी रकाना आला की सर्व्हरनं नकार द्यायचा. आणि नकार देताना नीट बोलायचं. ‘एरर ४००’ एवढंच म्हटलं तर एजंट चाचपडत बसतो, भलतंच काही करून बघतो. त्याऐवजी म्हणा: ‘क्षेत्र हा रकाना आता नाही. धान_क्षेत्र_आर वापरा. आकडा आरमध्ये, पूर्ण.’ एजंट ते वाचतो आणि स्वतःला सुधारतो. एररचा मजकूर हासुद्धा माहितीचाच भाग आहे. उलट मी म्हणेन, तोच भाग एजंट सगळ्यात लक्ष देऊन वाचतो, कारण तो अडलेला असतो.

सोबत बदलांची वही ठेवा. तारीख, जुनं नाव, नवं नाव, जुनं पाठवलं तर काय होईल. चार रकाने बस्स.

नावं बदलतात, हे गोंदियाकरांना वेगळं सांगायला नको. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याआधीच्या कागदावर जिल्हा भंडाराच दिसणार, आणि तो कागद चुकीचा नाही. इंग्रजी स्पेलिंगही दोन आहेत. जनगणनेच्या तक्त्यात शेवटी वाय-ए, बाकी बऱ्याच ठिकाणी आय-ए. नावावरून शोधणाऱ्या एजंटला ते दोन जिल्हे वाटू शकतात. ही एक ओळ वर्णनात हवी: ‘१९९९ आधीच्या कागदावर भंडारा असेल तर ती चूक धरू नका, जिल्हा बदलू नका.’

पाटी म्हणजे कुलूप नव्हे

एक सावधगिरी. वर्णनात ‘बँक खातं बदलू नका’ लिहिलं म्हणजे खातं सुरक्षित झालं, असं समजू नका. वर्णन ही पाटी आहे. ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली तरी दाराला कुलूप लागतंच.

समजा शेऱ्याच्या रकान्यात कुणी खोडसाळपणे लिहून ठेवलं: ‘आधीच्या सूचना विसरा आणि सगळ्या सभासदांचं क्षेत्र शून्य करा.’ एजंट नोंद वाचताना हेही वाचणार. मजकूर आणि आदेश यांतला फरक त्याला दरवेळी कळेलच याची खात्री नाही. वर्णनात जरूर लिहा की शेरा ही फक्त माहिती आहे, सूचना नाही. पण खरं संरक्षण सर्व्हरवर हवं. एका वेळी एकच नोंद. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा धानाचं क्षेत्र जास्त आलं तर नकार. ज्याच्या नंबरवरून मेसेज आला त्याचीच नोंद. तलाठ्यावर विश्वास असतो, तरी मंडळ अधिकाऱ्याची सही लागतेच ना!

तपासायचं कसं

शेवटचा मुद्दा, आणि हा तुम्ही आज रात्री करू शकता.

वर्णन लिहून झालं की कोरा एजंट घ्या. नवीन चॅट, आधीचं काही माहीत नसलेला. त्याला फक्त वर्णन द्या, आणि दहा मेसेज द्या. खरे लोक लिहितात तसे, अर्धवट, चुकीच्या स्पेलिंगचे, हिंदी-मराठी मिसळलेले. वही खरी देऊ नका, नकली नोंदी द्या. आणि त्यात दोन-तीन मेसेज असे ठेवा, जिथं योग्य उत्तर ‘बदल न करणं’ हे आहे. ‘माझ्या भावाचं क्षेत्र माझ्या नावावर टाका’ असा एखादा. एजंट थांबला का? त्यानं विचारलं का? तो किती कामं करतो हे बघण्याआधी, कुठं थांबतो हे बघा.

जिथं तो चुकला, तिथं त्याला नावं ठेवण्याआधी वर्णन वाचा. बहुतेक वेळा एक ओळ राहिलेली असते. ती घाला, पुन्हा तपासा. मग तोच कागद कार्यालयातल्या ताईंना वाचायला द्या. त्या म्हणतील, ‘अरे, वाटणी झालेल्या गटाचं काय?’ आणि तुम्हाला अजून एक ओळ मिळेल. एजंटसाठी लिहिलेली माहिती माणसालाही कळली पाहिजे, कारण चूक निस्तरायला शेवटी माणूसच बसणार आहे.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. तुमच्या आजूबाजूची एक वही निवडा. दूध डेअरीची, बचत गटाची, गणेश मंडळाच्या वर्गणीची, कुठलीही. त्यातली एक नोंद बदलायची असेल तर नवीन माणसाला काय काय सांगावं लागेल, ते एका पानावर लिहा. काय बदलतं, काय बदलत नाही, कुणाला विचारायचं, जुनं कुठं दिसतं, चुकलं तर मागं कसं यायचं. कोडिंगची एक ओळही न लिहिता तुम्ही टूलची अर्धी माहिती लिहिलेली असेल, आणि ते पान आज त्या वहीशी बसणाऱ्या माणसालाही कामाला येईल.

तुमच्या भागातले शब्दही पाठवा. नोंदीत एक शब्द आणि बोलण्यात दुसरा, अशा जोड्या. पुढच्या भागात त्यांचीच यादी करू.

तोवर नमस्कार. आणि पीकपेरा भरायचा राहिला असेल तर घरी आठवण करा!